ज्याचं त्यानं बंद करायचं

आमच्या घरी कॉम्प्युटर एक आणि माणसं चार: आई, बाबा, दादा आणि मी. तो कधीच बंद होत नाही. मागे एकदा दादानं बाबांचा बुद्धिबळाचा रंगात आलेला डाव चुकून बंद केला, तर दोघांनी आठवडाभर अबोला धरला. ताटात मीठ कमी असलं तरी ते माझ्यामार्फत मागायचे. शेवटी आईनं नियम घातला, की ज्याचं त्यानंच बंद करायचं, दुसऱ्यानं हात लावायचा नाही. घरात शांतता आली. पण आपलं आपण बंद करायची सवय आमच्यात कुणाला असेल तर शपथ! काम झालं की स्क्रीन काळी करायची आणि उठायचं. आत सगळं जसंच्या तसं, महिनोन्महिने.

त्या दिवशी अकरा वाजता आईची आवाजाची चाचणी होती. दृष्टिहीन वाचकांसाठी पुस्तकं वाचून रेकॉर्ड करणारं एक ग्रंथालय आहे, त्यांना वाचणारी माणसं हवी होती. आईनं आम्हाला पत्ता लागू न देता अर्ज केला आणि महिनाभर बाथरूममध्ये नळ सोडून सराव केला. आम्हाला वाटायचं, फोनवर कुणाशी तरी भांडतेय. चाचणी कॉम्प्युटरसमोर बसून त्यांच्याच प्रोग्रॅमवर द्यायची होती, मोबाइल चालणार नाही असं त्यांनी बजावलं होतं. आणि या खेपेला हुकलं तर पुढची चाचणी एकदम वर्षानं.

साडेदहाला आई इस्त्रीचे कपडे घालून खुर्चीत बसली. ग्रंथालयाच्या लिंकवर तिनं एकदा क्लिक केलं आणि कॉम्प्युटर ढिम्म झाला. बाण हलेना. आतला पंखा तेवढा घों घों करत होता. मला हाक आली.

आता मी काही कॉम्प्युटरवाली नव्हे. मी फर्निचरच्या कॅटलॉगसाठी घरबसल्या फोटो साफ करते, म्हणजे सोफ्यावरचे डाग काढायचे, खुर्चीचा तिरका पाय सरळ करायचा. पण घरात त्यातल्या त्यात मला कळतं असा सगळ्यांचा समज आहे, आणि तो मोडायला मी कशाला जाऊ?

मी टास्क मॅनेजर मागवला. आत कोण किती जागा अडवून बसलंय ते हा दाखवतो आणि नको त्याला हुसकावायची सोय करून देतो. तीन बटणं एकदम दाबली. हूं की चूं नाही. पुन्हा दाबली, तेव्हा एक पांढरीफटक चौकट आली आणि तिच्या डोक्यावर लिहिलेलं, ‘प्रतिसाद देत नाही’. घ्या! ज्यानं बाकीच्यांना शुद्धीवर आणायचं तोच बेशुद्ध. अशा वेळी थांबायचं असतं हे मलाही ठाऊक आहे, पण राग कायम माझ्या नाकावर. मी बटणं बडवत सुटले. आई म्हणाली, एकाच वेळी इतकं विचारल्यावर तो बिचारा उत्तर कुणाला देणार. मी हात मागे घेतला, तेव्हा कुठे चौकट हळूहळू भरायला लागली.

काय काय निघालं म्हणता! बाबांचा बुद्धिबळाचा डाव, त्याच्या शिकवणीचे व्हिडिओ, शिवाय कॉम्प्युटर जलद व्हावा म्हणून त्यांनीच आणून बसवलेले दोन सफाईचे प्रोग्रॅम. ते दोघं एकमेकांनाच तपासण्यात गुंग. दादाचे दोन सिनेमे उतरत होते आणि आपण कधीच सोडला असं तो छातीठोक सांगतो तो गेमही तिथेच ठाण मांडून होता. आणि सगळ्यांवर कडी म्हणजे मी. अख्खा सोफासेट उघडा, दोन दिवसांचं काम, आणि सेव्ह करायचा आळस.

मी बाबांना दुकानात फोन लावला. ते म्हणाले, दोन चालींत डाव माझा आहे, आधी त्या दादाचं काहीतरी काढ. दादाला लावला. तो म्हणाला, सिनेमा उतरतच आलाय, बाबांच्या कचऱ्यापासून सुरुवात कर. चाचणी आईची आहे हे दोघांनाही सांगितलं. दोघंही म्हणाले, हो हो, तिचं झालंच पाहिजे. मी नियम गुंडाळून ठेवला आणि बाबांच्या एका सफाईवाल्याला हाकलायला बटण दाबलं, तर टास्क मॅनेजर पुन्हा गार पडला आणि सगळी स्क्रीन गोठली. आता एकच उपाय उरला होता, स्विच दाबून धरायचा. पण त्यात सगळ्यांचंच जाणार, माझा सोफासुद्धा. खोटं कशाला बोलू, माझा जीव त्या सोफ्यात अडकला होता.

अकरा वाजले. आईनं डोळ्यांवरचा चष्मा काढला.

“राहू दे गं,” ती म्हणाली. “पुढच्या वर्षी बघू. उगाच तुमची सगळ्यांची कामं जातील.”

“आणि तुझं काय काय उघडं आहे?”

“माझं?” तिनं विचार केला. “ती लिंक. पण ती उघडलीच नाही.”

माझं असं आहे, की मला रडू यायच्या आधी संताप येतो. मी वाकले आणि स्विच दाबून धरला. पंखा थांबला. आई नियमाचं काहीतरी पुटपुटली. मी म्हटलं, भांडायचं ते संध्याकाळी भांडू, सगळे मिळून.

कॉम्प्युटर आळोखेपिळोखे देत उठला आणि विचारू लागला, मागच्या वेळी मी नीट बंद झालो नव्हतो, तेव्हा जे उघडं होतं ते सगळं परत उघडू का? माझा सोफा परत येऊ शकत होता! हात आपसूक माउसकडे गेला. आईनं तो बाजूला सारला.

“आत्ता मी बसलेय,” ती म्हणाली, आणि तिनं ‘नको’ दाबलं.

लिंक उघडली. पडद्यावर एक बाई आल्या, म्हणाल्या, तुमचीच वाट पाहत होतो. आईनं चष्मा चढवला, मला हातानं बाहेर जायची खूण केली आणि माझ्यामागे दार लावून घेतलं.

बाहेर माझा मोबाइल वाजायला लागला, आधी बाबा, मग दादा. मी तो उशीखाली दाबला आणि दाराशी जमिनीवर बसले. जेवायला या, दिवा मालवा, किल्ली घेतलीस का, एवढंच आम्ही त्या आवाजात ऐकत आलो होतो. आत आई कुणा अनोळखी माणसासाठी किनाऱ्यावरच्या एका गावाची गोष्ट वाचत होती, सावकाश, कसलीही घाई नसल्यासारखी, आणि त्या गावाचं पुढे काय होतं ते मला ऐकायचं होतं.