अबू जासिमचा उजवा खिसा

कापड बेतायच्या टेबलावर सहा वस्तू होत्या. मोजपट्टी, खडू, कात्री, चहाचा रिकामा पेला आणि दोन पिस्तुलं. गोळ्या अबू जासिमने आधीच काढून कोटात टाकल्या होत्या. दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढलेलं होतं.

"दोन्ही सारखीच दिसतात," मुनाफ म्हणाला.

"म्हणून तर तुझ्याकडे आलो," अबू जासिम म्हणाला. "एकच ठेवायचं आहे. तोबच्या आत दिसणार नाही ते."

मुनाफने आयुष्यात पहिल्यांदाच पिस्तूल जवळून पाहिलं. दाभोळहून सौदीतल्या ताइफला आल्यापासून तो अरबांचे तोब शिवत होता. मानेपासून घोट्यापर्यंतचा हा सरळ झगा, त्यात लपवायला जागा किती असते ते त्याच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. भीती वाटली, पण हातात मोजपट्टी आली तशी ती मागे सरली. लांबी, एक अठरा सेंटीमीटर, दुसरं सतरा. जाडी दोन्हींची तीनच. मुठीच्या उंचीत आठ मिलिमीटरचा फरक.

त्याने जुन्या तोबला आतून कच्च्या टाक्यांनी खिसा लावला, मोठं पिस्तूल त्यात सोडलं आणि तोब अबू जासिमच्या अंगावर चढवला. मग लहान. मग पुन्हा मोठं. "चाला," तो म्हणे. "बसा. आता वाका." अबू जासिम, इराकी फौज शिरल्यावर कुवेत सोडून आलेला एवढा मोठा व्यापारी, शिंप्याच्या हुकमावर उठत बसत होता.

"लांबीचं काही नाही शेख," मुनाफ शेवटी म्हणाला, आणि हे आपल्याला कळलं याचा त्याला खरोखर आनंद झाला. "नळी खाली जाते, मांडीलगत लपते. बाहेर येते ती मूठ. वाकलात की मूठच कापडाला टोचते. मोठं घेतलंत तर समोरच्याला दिसणार नाही, पण बाजूने दिसेल."

"बाजूनेच दिसता कामा नये. मी गाडीत चढताना तो दार धरून बाजूलाच उभा असतो."

"कोण?"

"माझा ड्रायव्हर."

मुनाफच्या हातातला खडू तसाच राहिला. अबू जासिमचा ड्रायव्हर रफीक होता. रफीक म्हणजे हलिमाचा, मुनाफच्या बायकोचा, पाठचा भाऊ. त्यानेच या शेखला दुकानात आणलं होतं. 'दर्जी माझा घरचा माणूस आहे,' असं मोठ्या तोंडाने सांगून. आत्ताही तो बाहेर गाडी पुसत होता.

"रफीक तसा नाही, शेख. मी त्याला लहानपणापासून ओळखतो."

"चांगला आहे," अबू जासिम शांतपणे म्हणाला. "कुवेतला माझा ड्रायव्हरही चांगलाच होता. अकरा वर्षं. माझी मुलं त्याच्या खांद्यावर वाढली. इराकी शिपाई गल्लीत आले तेव्हा कुठलं घर माझं, ते त्यानेच बोट करून दाखवलं. माझा भाऊ आत होता. तुझ्या माणसावर माझा राग नाही. पण मी आता मागच्या सीटवर रिकाम्या हाताने बसू शकत नाही."

मुनाफने खडू टेबलावर ठेवला.

"बोलाव त्याला," अबू जासिम म्हणाला आणि मोठं पिस्तूल खिशात सरकवलं, लहान टेबलावरच्या कापडाखाली ढकललं. "चहा आणायला सांग. त्याला दिसलं नाही तर दुसऱ्या कुणालाच दिसणार नाही."

नाही म्हणता आलं असतं. पण दुकान कफीलच्या, म्हणजे ज्याच्या जामिनावर इथे राहता येतं त्या सौदी मालकाच्या, नावावर होतं, आणि अबू जासिम कफीलचा पाहुणा. शेजारचं येमेनी शिंप्याचं दुकान दिवाळीच्या सुमारास एका सरकारी कागदावर बंद झालं होतं. त्याचं इस्त्रीचं टेबल आज मुनाफच्याच दुकानात होतं. मुनाफने शटरखालून वाकून हाक मारली.

रफीक चहा घेऊन आला. दोन पेले टेबलावर ठेवले, तिसऱ्यातून स्वतः घोट घेतला.

"काय वो दुल्हेभाई, आज शेठला उभंच ठेवलंय? बसूं तरी द्या बिचाऱ्याला." मग त्याची नजर अबू जासिमच्या कमरेवरून फिरली नि त्याने हसत मुनाफला कोकणीत विचारलं, "शेठ खिशात खजुराचा डबा घालून फिरतोय काय? लग्नाला चाललाय वाटतं!"

"काय म्हणतो?" अबू जासिमने विचारलं.

"विचारतो, खिशात काय आहे," मुनाफने सांगितलं.

अबू जासिमही हसला. "त्याला सांग, पुदिना आण."

रफीक गेला. अबू जासिमने पिस्तूल बदललं. रफीक पुदिन्याची काडी घेऊन परतला, शेजारी उभा राहिला, लढाईचं बोलला, रियाधला पुन्हा भोंगे वाजले म्हणाला, मालकाच्या खांद्यावरचा धागा झटकला. या सगळ्या वेळात मुनाफ त्याच्या डोळ्यांकडे बघत होता. डोळे कमरेपाशी एकदाही थांबले नाहीत.

"हे लहानच," रफीक बाहेर गेल्यावर अबू जासिम म्हणाला.

शुक्रवारी रफीक मुनाफच्या खोलीवर जेवायला आला. येताना बांगडे घेऊन आला, स्वतःच तळायला बसला.

"तुमचं तोंड का उतरलंय? हलिमाबुबूचा फोन आला नाय म्हणून? लढाईत लायनी नाय लागत."

"रफीक," मुनाफ म्हणाला, "तू दुसरी नोकरी बघितलीस तर?"

"का वो? असला मालक मिळतो काय! परवा मला आपल्या ताटात जेवायला बसवलंन. लोकांचे कफील पासपोर्ट दाबून बसलेत, आणि हा विचारतो, आई कशी हाय तुझी." त्याने बांगडा उलटला. "तुमच्या कानावर काय आलंय काय?"

तेल तडतडत होतं. मुनाफच्या मनात वाक्य तयार होतं, चार शब्दांचं. सांगितलं तर हा गरम डोक्याचा पोरगा सरळ जाऊन मालकाला विचारील. मालक त्याला हाकलून देईल. बाहेर लढाई आहे, दुसरा कफील कोण देणार. हे सगळं खरं होतं. पण त्या खिशाचं शिवणारा आणि घालणारा यांच्याखेरीज कुणालाच माहीत नव्हतं, म्हणजे सांगणारा कोण हे अबू जासिमला लगेच कळलं असतं, हेही खरं होतं. आणि मुनाफला पक्कं ठाऊक होतं, की आपली जीभ धरली आहे ती या दुसऱ्या कारणाने.

"नाय," तो म्हणाला. "सहज विचारलं."

"मग खावा. काटे बघून."

मुनाफने तीन घास खाल्ले आणि पोट बरं नाही म्हणून ताट सारलं. रफीकने त्याच्या वाट्याचा बांगडा झाकून ठेवला, रात्री भूक लागली तर असू दे म्हणून.

नवा लोकरी तोब तयार झाला तसा अबू जासिम घालून बघायला आला. खिसा आता पक्का होता. आतून अस्तराची पट्टी खांद्यापर्यंत नेली होती, म्हणजे भार खांद्यावर यावा आणि कापड खिशापाशी झोळीसारखं लोंबू नये. तरी वजनाने उजवी किनार खाली आली होती. मुनाफने ती उसवली, वर घेतली, पुन्हा टाके घातले. गोळ्या भरलेल्या पिस्तुलाचं वजन वेगळं असतं, म्हणून या वेळी ते भरलेलंच होतं.

"रफीक!" अबू जासिमने हाक मारली. "चपला."

रफीक वाकला आणि मालकाच्या पायांत चपला सरकवू लागला. त्याचा कान उजव्या खिशापासून वीतभर होता. मुनाफ पलीकडे जमिनीवर गुडघे टेकून बसला होता, हातात मोजपट्टी.

"काम नंबर एक हाय दुल्हेभाई," रफीक वर न बघताच म्हणाला. "शेठ बारीक दिसतोय. मला पण असाच एक शिवा."

"सरळ उभे राहा, शेख," मुनाफ म्हणाला.

त्याने पट्टीचं टोक फरशीला टेकवलं. डावीकडे जमिनीपासून किनारीपर्यंत चार सेंटीमीटर. उजवीकडे चार.