उभ्याने चहा

क्लॅरी हॉबडेन अकरा महिने उभ्याने चहा पीत होता. कारण चारचौघांत सांगण्यासारखं नव्हतं. गुदद्वाराला चीर पडली होती आणि मलमं, कोमट पाण्याचा टब, बायको नोरीनने रोज गिळायला लावलेले सुके आलुबुखार, कशानेही ती भरत नव्हती. सकाळी संडासात गेला की डोळ्यांपुढे काजवे चमकायचे.

शेवटी शहरातल्या सर्जनबाई म्हणाल्या, "आतला स्नायू जरासा कापू, म्हणजे चीर भरेल. शंभरातल्या चार-पाच जणांना मात्र नंतर वारा धरवत नाही, क्वचित कपड्याला डागही लागतो. बहुतेकांचं सुधारतं. सगळ्यांचंच सुधारतं असं नाही."

क्लॅरीने त्यातला 'डाग' तेवढा ऐकला. मार्चमध्ये बोल्सची फायनल होती. त्यांच्या कुरिंगा गावच्या क्लबात एरवी काहीही घालून या, पण फायनलला बुटांपासून टोपीपर्यंत सगळं पांढरंशुभ्र. आणि खेळ कसला, तर मॅटवर उभं राहून पार खाली वाकायचं आणि जड चेंडू हिरवळीवरून दूरच्या पांढऱ्या गोटीकडे घरंगळत सोडायचा; ज्याचा गोटीच्या सगळ्यांत जवळ, त्याची सरशी. तोवर दोन्ही संघ चिडीचूप. कुणी गोळीचा कागदसुद्धा उलगडत नाही.

"बासष्टीला आलास, तुझी पँट कोण बघतंय?" नोरीन म्हणाली.

"वाकलो की अख्खा क्लब बघतो."

"आणि तोंड बघत नाही वाटतं? हल्ली वाकलास की लिंबू चावल्यासारखं होतं."

क्लॅरी तडक कप्तानाकडे गेला. व्हर्न टकवेल क्लबामागच्या शेगडीवर सॉसेज भाजत होता. हा गडी चेंडू सोडताना हटकून दणदणीत खोकायचा. गेली नऊ वर्षं. समोरच्या संघांनी तक्रारी केल्या, पंचांनी हात टेकले, खोकला काही थांबला नाही.

"व्हर्न, यंदा मला राखीव ठेव. गुडघा धरलाय."

"गुडघा धरला की माणूस बसतो, लेका. तू बियरपण उभ्याने पितोस."

क्लॅरीचे कान लाल झाले. मग मात्र त्याने सगळं भडाभडा सांगून टाकलं.

व्हर्नने आजूबाजूला पाहिलं. "माझा खोकला कशाचा, सांग बघू."

"सिगारेटचा."

"जन्मात ओढली नाही. नऊ वर्षांपूर्वी हेच ऑपरेशन झालं. त्या चार-पाचांतला मी. वाकलो की सुटतो, खोकलो की आवाज दबतो."

"आणि पँट?"

"एकदा लागला डाग. खिम्याच्या पॅटिसवर बसलो म्हणून सांगितलं. सगळ्यांना पटलं."

"मग पस्तावलास?"

व्हर्नने सॉसेज उलटलं. "अरे, नऊ वर्षं मी बसून चहा पितोय."

क्लॅरीचे डोळेच भरून आले. दुसऱ्या दिवशी त्याने ऑपरेशनची तारीख घेतली.

फायनलच्या शेवटच्या डावाला दोन्ही संघ बरोबरीत होते. क्लॅरी पांढऱ्या पँटमध्ये मॅटवर आला. ऑपरेशनला जेमतेम नऊ आठवडे झाले होते, आणि घरी एक-दोनदा वाऱ्याने दगा दिला होता. तो वाकला. हिरवळीवर शांतता. त्याने सगळं घट्ट आवळून धरलं. काही झालं नाही.

तेवढ्यात पलीकडच्या टोकाहून व्हर्न दणदणीत खोकला. असावा आपला आधार, म्हणून.

क्लॅरीला हसू आवरेना. हसला आणि घात झाला. पंचांनी मान वर केली इतका स्पष्ट. व्हर्न पुन्हा खोकला, मग संघातले उरलेले दोघे, मग कुंपणापाशी नोरीन, तीही अशी की शेजारणीने तिला पाणी दिलं. चेंडू मात्र हातून सुटला होता. तो हळूहळू वळत गेला आणि गोटीला चिकटून थांबला.

लोक टाळ्या वाजवत राहिले. क्लॅरी बाकापाशी आला. पँट बघायचं त्याला सुचलंसुद्धा नाही. सगळ्या क्लबासमोर तो ऐसपैस बसला आणि नोरीनला म्हणाला, "चहा आण गं."