कनवटीची बाटली

जयवंताबाईला दमा आहे हे कळंबमध्ये सगळ्यांना ठाऊक होतं. तिचा खोकला चार घरं पलीकडं ऐकू जायचा. डोळ्याचं मात्र दोघींनाच माहीत होतं, एक ती स्वतः आणि दुसरी तिची सून रोहिणी. तेही इलाज नाही म्हणून. आपल्याच हातानं डोळ्यात थेंब टाकायचा म्हटलं की तो गालावर पडतो, हा बाईचा अनुभव. मग रोज सकाळी सहाला आणि संध्याकाळी सहाला रोहिणी सासूचं डोकं मांडीवर घ्यायची, पापणी ओढायची आणि थेंब टाकायची. ते झालं की बाई बोटभर बाटली लुगड्याच्या कनवटीला खोचायची आणि बजावायची, "कुठं बोलायचं न्हाय."

आता डोळ्याचं औषध म्हणजे काय चोरीचा माल आहे? पण बाईच्या डोक्यात तिच्या वडलांचा कायदा बसला होता. आबाजी मेंढरांमागं रानोमाळ हिंडलेला माणूस. कुठल्या मेंढराला कुठला पाला दिला, हे तो बायकोलाही सांगायचा नाही. औषध बोलून दाखवलं की त्याचा गुण जातो, म्हणायचा. आणि एका जाणत्याचं औषध चालू असताना दुसऱ्यापुढं त्याचं नाव काढलं, तर दोघांचाही गुण जातो. मेंढरं विकून तीस वर्षं झाली, वावरात ऊस उभा राहिला, पण कायदा काही विकला गेला नाही.

त्यात भीतीची भर. बाईची आई सारजा काचबिंदूनं आंधळी झाली. शेवटची सात वर्षं जयवंताबाईनंच तिला हाताला धरून फिरवलं. भर दुपारी म्हातारी विचारायची, "जयवंता, दिवस हाय का रात?" इंदापूरच्या डोळ्याच्या डॉक्टरांनी तोच काचबिंदू सांगितला तेव्हा बाईला आईचा तो प्रश्न आठवला. थेंब लिहिण्याआधी त्यांनी विचारलं होतं, "आजी, दमा वगैरे काही?" बाईनं सरळ सांगितलं, "न्हाय." दमा आहे म्हटलं आणि थेंब दिलेच नाहीत तर?

ही गोष्ट अठ्ठ्याण्णवच्या चैत्रातली. दिवाळीपर्यंत बाईचा दम पार हाताबाहेर गेला. विहिरीपर्यंत जाताना दोनदा बसावं लागे. झोपही भिंतीला टेकून, बसल्याबसल्या. शेवटी रोहिणीनं हट्ट धरला आणि सासूला बारामतीला छातीच्या डॉक्टरांकडं नेलं.

डॉक्टर शांत होते. त्यांनी छाती तपासली, फुंकर मारायला लावली, रक्तदाब बघितला. मग म्हणाले, "आजी, तुम्हाला दोन औषधं एकात असलेला पंप देतोय. एक औषध नळ्या उघडतं, दुसरं आतली सूज कमी करतं. पण आधी मी विचारतो त्याची खरी उत्तरं द्यायची. हृदयाचं काही? छातीत धडधड?"

"न्हाय."

"साखर? थायरॉईड? कधी टीबी झाला होता?"

"न्हाय बा."

"डोळ्याचं? काचबिंदू? दुसरं कुठलं औषध, गोळी, थेंब, झाडपाला, काहीही चालू आहे?"

रोहिणीनं मान वर केली. त्याच क्षणी टेबलाखाली सासूची टाच तिच्या पायाच्या बोटावर बसली. परक्या माणसासमोर सासूला खोटं पाडायचं, हे काही रोहिणीच्यानं होईना. बाईनं डॉक्टरांकडं न बघता सांगितलं, "कायबी न्हाय."

डॉक्टरांनी दोन पंप दिले. दोन औषधांचा पंप रोज सकाळ-संध्याकाळ घ्यायचा, बरं वाटलं म्हणून आपल्या मनानं सोडायचा नाही, घेतल्यावर खळखळून चूळ भरायची. धाप लागली तर तो नाही, हा निळा मारायचा. रोहिणीनं सगळं दोनदा विचारून घेतलं.

दोघी एस.टी. स्टँडवर आल्या तेव्हा सहा वाजत आले होते. कळंबवरून जाणाऱ्या वालचंदनगरच्या गाडीला अवकाश होता. बाईनं कनवटीची बाटली काढली, बाकड्यावरच मान मागं टाकली. रोहिणीनं थेंब टाकला. त्यानंतर ती सासूशेजारी बसून स्टँडवरच्या घड्याळाकडं बघत राहिली.

वीस मिनिटांत बाईची छाती वाजू लागली. अर्ध्या तासात ती गुडघ्यांवर हात रोवून, खांदे उचलून श्वास ओढत होती. पिशवीत हात घालून तिनं रोजचा पंप काढला. रोहिणीनं तो तिच्या हातातून काढून घेतला आणि निळा दिला. दोन फवारे झाले, थोड्या वेळानं बाईला शब्द फुटला. "ह्यो दमा जीव घिऊन जाणार माजा."

"आत्याबाई," रोहिणी हळू म्हणाली, "दमा न्हाय. थेंब."

"काय?"

"रोजचंच हाय. थेंब पडला की अर्ध्या तासात तुमची छाती वाजती. सकाळी बी, सांजच्याला बी. मागं बाटली सरली तवा चार दिस थेंब नव्हता. ते चार दिस तुमी आडव्या निजला."

बाई तिच्याकडं वळली. "आन् हे तू आत्ता सांगतीस?"

रोहिणीचे डोळे भरून आले. "कवा सांगू? थेंब बंद करा म्हणलं असतं, तर सून माझं डोळं घालवाय निघाली म्हणला असता."

बाईनं मनात कबूल केलं. म्हटलं असतं. अगदी तेच म्हटलं असतं, वर चार बायकांना सांगितलंही असतं. त्या पोरीनं रोज दोन वेळा आपल्या हातानं थेंब टाकला होता आणि रोज दोन वेळा सासूला घुसमटताना बघितलं होतं. बाईला स्वतःची लाज वाटली.

गाडी आली, लागली, गेली. दोघी परत दवाखान्यात. डॉक्टर उठण्याच्या बेतात होते. बाईनं बाटली टेबलावर ठेवली. "खोटं बोलले मी," म्हणाली, "दोन्हीकडं."

डॉक्टरांनी बाटली उजेडात धरून वाचली. रागावले नाहीत, पण खुर्चीत परत बसले. "आजी, थेंब डोळ्यात पडतो, पण नाकातून घशात उतरतो, रक्तात जातो आणि छातीच्या नळ्या आवळतो. दमेकऱ्याला हे थेंब देत नाहीत. मी दिलेला पंप त्याच नळ्या उघडणार. दोन औषधं भांडत बसली असती आणि छाती तुमची. शिवाय पंपातल्या सुजेच्या औषधानं कुणाकुणाच्या डोळ्यातला दाब वाढतो. म्हणून डोळ्यांबद्दल विचारलं होतं मी."

"म्हंजी डोळा का दम, एकच घ्यायचं?" बाईनं विचारलं. सहा महिने ती याच प्रश्नाला घाबरत होती.

"दोन्ही घ्यायचं. दुसरे थेंब मिळतात. उद्या सकाळचा थेंब टाकू नका आणि उजाडताच इंदापूरला जा. उशीर नको." त्यांनी तिथल्या डॉक्टरांना चिठ्ठी लिहिली आणि बाईची छाती मोकळी झाल्यावरच दोघींना सोडलं.

इंदापूरच्या डॉक्टरांनी चिठ्ठी वाचली, डोळ्यातला दाब मोजला. दाब जागेवर होता. त्यांनी दुसरे थेंब दिले, महिन्यानं तपासायला बोलावलं आणि पंप बिनघोर घ्या म्हणाले. दोघी गाडीत बसल्या. बाईनं नवी बाटली कनवटीला नेली, मग तिथून काढून रोहिणीच्या हातात दिली. ती खिडकीतून उसाच्या फडांकडं बघू लागली. श्वास सरळ चालला होता.

"रोहिणी," ती बाहेर बघतच म्हणाली, "आनखी काय काय दिसतंय तुला, जे तू बोलत न्हाईस?"

रोहिणी चपापली. बाटलीचं झाकण उगाच घट्ट करत राहिली. "लई हाय, आत्याबाई."

"मग सांग की. कळंब लांब हाय अजून."

गाडी कळंबला लागेपर्यंत रोहिणी बोलत होती, आणि जयवंताबाईनं तिला एकदाही मध्ये थांबवलं नाही.