काहील पुलापलीकडे

"बादली भरू का?" बेरिटने विचारलं.

आर्लेन ट्वाइट स्वयंपाकघरातल्या खुर्चीत बसून डाव्या गुडघ्याला पट्टा बांधत होता. उजव्याचा बांधून झाला होता. त्याने वर न बघता मान हलवली.

"नको."

"नको म्हणजे?"

"नको म्हणजे नको. मागच्या वर्षी आठवडाभर तेच सूप खाल्लं. त्याच्या मागच्या वर्षीही. यंदा बटाटे तरी वाचव."

बेरिटने सुरी परत खणात ठेवली. नवऱ्याच्या आवाजातला राग तिला कळायचा, थट्टाही कळायची. आज दोन्ही नव्हतं. आवाज नुसता दमलेला होता.

"शेवटचा सामना आहे, आर्लेन."

"म्हणूनच."

बादली ओट्याखाली उपडीच राहिली.

*

इथे थांबून नियम सांगायला हवेत, कारण संध्याकाळपर्यंत ते सगळे लागणार आहेत.

होलम कॉलेज नदीच्या अलीकडे, सेंट वेंडेल पलीकडे. मध्ये पूल. दर नोव्हेंबरात अमेरिकन फुटबॉलचा एक सामना: चेंडू हातात धरून समोरच्या रेषेपार नेला की टचडाउन, सहा गुण, वर किक साधली की सातवा. दोन्ही बाजूंनी एकेक बादली आणायची: चिरलेले बटाटे, गाजरं, कांदे, जव, गोमांसाचे तुकडे. सामन्याचा शेवटचा पाव भाग, म्हणजे शेवटचा क्वार्टर, सुरू झाला की मैदानाच्या कडेला मोठ्या लोखंडी काहिलीखाली जाळ करायचा आणि नुसतं पाणी तापत ठेवायचं. शिट्टी वाजली की जिंकणाऱ्याची बादली काहिलीत जाते. हरणाऱ्याची घरी जाते. जिंकणाऱ्यांनी स्वतःच्या हाताने वाढायचं, हरणाऱ्यांनी आधी जेवायचं. मग हरणाऱ्यांनी काहील घासायची, घरी न्यायची, वर्षभर सांभाळायची आणि पुढच्या सामन्याला परत आणायची.

बाकीच्या जगात जिंकलेला काहीतरी मिरवत नेतो. इथे हरलेला वाहून नेतो.

अकरा वर्षं ती काहील होलमकडे होती. कॉलेजच्या कुठल्याच दारातून आत जात नव्हती म्हणून ती कोचच्या गॅरेजमध्ये, म्हणजे आर्लेनच्या. गाडी बाहेर बर्फात आणि काहील आत. आता कॉलेजने ठरवलं होतं की या हंगामानंतर फुटबॉल बंद. संघ उभा करण्याइतकी पोरंच येत नव्हती. आज हरलो तर काहील कायमची आपल्या गळ्यात, कारण परत द्यायला पुढचा सामनाच नाही. ती एकदा, फक्त एकदा, पलीकडच्या कोचच्या, लिओ क्लासेनच्या, ट्रकमधून पूल ओलांडताना बघायची होती आर्लेनला.

इच्छा होती. आशा नव्हती. म्हणून बटाटे वाचवले.

*

भोंग्यावर ड्वेन होता. एरवी तो रसायनशास्त्र शिकवायचा. शेवटचा सामना म्हणून त्याने सगळा इतिहास वाचायला घेतला होता, आणि खेळ त्याला धड वाचू देत नव्हता.

"—तर मंडळी, अठराशे अठ्ठ्याण्णव साली आपली पोरं नदी ओलांडून खेळायला गेली, हरली, आणि परत येऊन बघतात तर होडी वाहून गेलेली. पलीकडच्या एका शेतकऱ्याने डुकरं सोलायच्या काहिलीत सूप केलं. पण हरल्यावर वाडगा पुढे कोण करणार? आपली पोरं हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तेव्हा जिंकलेल्यांनी उठून वाढलं. सकाळी निघताना पोरं म्हणाली, काहील घासून आणून देतो. आणि आणून दिली ती थेट पुढच्या— टचडाउन, सेंट वेंडेल. शून्य-सात."

आर्लेनने टोपी काढली, डोकं खाजवलं, टोपी घातली.

"—धुक्याचं वर्ष. चेंडू रेषेपार गेला की नाही, कुणालाच दिसलं नाही. पंचाने स्वतःची शिट्टीसुद्धा हरवली. दोन्ही संघ म्हणाले, आम्ही जिंकलो. मग काहील नेणार कोण? पुलाच्या बरोबर मध्यावर ठेवून दोघेही घरी गेले. हिवाळाभर ती तिथेच. वसंतात तिच्यात बदकांनी— होलम! होलमचं टचडाउन! सात-सात! कुणी सांगितलं नाही मला, पोरं एवढ्या जवळ पोचली होती ते!"

"तू वर बघत जा, ड्वेन," आर्लेन पुटपुटला.

"—युद्धाच्या वर्षी दोन्हीकडे पोरं उरली नव्हती. एकीकडून प्रोटेस्टंट पाद्री उतरला, दुसरीकडून कॅथलिक फादर. दोघांनी एकमेकांना असं काही पाडलं की—"

सात-चौदा.

*

मध्यंतरात लिओ क्लासेन मैदान ओलांडून आला. सेंट वेंडेलचा कोच; आर्लेनच्याच वयाचा, पोट मात्र जास्त.

"काय रे म्हाताऱ्या, गुडघे काय म्हणतात?"

"एक म्हणतो घरी जा. दुसरा म्हणतो आत्ता जा."

"आज आमच्या बादलीत मीठ अगदी बरोबर घातलंय. तुझ्यासाठी खास."

हे जुनं होतं. दोघंही खेळायचे त्या काळात एकदा होलम जिंकलं होतं आणि वीस वर्षांच्या आर्लेनने वीस वर्षांच्या लिओला सूप वाढलं होतं. लिओने एक घोट घेऊन सगळ्यांसमोर म्हटलं होतं, "मीठ कमी आहे." तेव्हापासून दर वर्षी, कोणीही जिंको, लिओ मिठावर बोलतोच.

"काहील आणलीस ना?"

"नाही आणली. खिशात ठेवून विसरलो."

"आणि बादली? तुझ्या गाडीत दिसली नाही."

"मागे आहे," आर्लेन म्हणाला.

लिओने त्याच्याकडे जरा जास्त वेळ बघितलं. मग खांद्यावर थोपटून गेला. ते थोपटणं आर्लेनला आवडलं नाही. कुणी आजारी असला की असं थोपटतात.

*

"—आणि मंडळी, दुष्काळाच्या वर्षांतसुद्धा! एका साली होलमच्या बादलीत एक सलगम होतं. एकच! पण होतं. इतक्या वर्षांत एकदाही, ना नदीच्या या बाजूने ना त्या बाजूने, बादली रिकामी आली—"

चौदा-चौदा. प्रेक्षक ओरडत होते म्हणून पुढचं फारसं कुणाला ऐकू आलं नाही. आर्लेनने सगळं ऐकलं. त्याने बेरिटकडे मान वळवली. ती तिसऱ्या ओळीत पांघरूण गुडघ्यावर घेऊन बसली होती. तिनेही ऐकलं होतं. ती समोर मैदानाकडे बघत राहिली.

चौदा-एकवीस. बरं झालं, असं क्षणभर आर्लेनच्या मनात येऊन गेलं. मग ते मनात आल्याचा त्याला आणखी शीण आला.

*

शेवटचा क्वार्टर. काहिलीखाली जाळ झाला. ओली लाकडं धुमसत होती आणि धूर नेमका होलमच्या बाकाकडे येत होता. पोरं खोकत होती. काहिलीतल्या पाण्याला अजून वाफही नव्हती.

चेंडू होलमकडे, वेळ थोडा. चेंडू फेकणारा क्वार्टरबॅक कोल्टन हा वाणिज्य शाखेचा लांबडा पोरगा. त्याचा दंड मध्यंतरापासूनच दुखत होता, पण ते त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. त्याने एक लांब फेक केली, मग एक छोटी, मग स्वतःच पळाला. आणि मग, कुणाच्या ध्यानीमनी नसताना, गर्दीखालून चेंडू काखेत धरून रांगत रेषेपार गेला.

वीस-एकवीस.

आता किक मारली की एक गुण: बरोबरी, मग जादा वेळ. किंवा किक न मारता पुन्हा एकदा चेंडू रेषेपार न्यायचा, दोन गुण: विजय. नाही गेला तर सगळं संपलं.

पोरं आर्लेनभोवती गोळा झाली.

"किक ना, कोच?" कोल्टनने विचारलं.

आर्लेनने घड्याळाकडे पाहिलं. धुराकडे पाहिलं. जादा वेळ म्हणजे आणखी उभं राहणं.

"नाही. दोन घ्या."

"खरंच?"

"माझ्यात आता जादा वेळ उभं राहायची ताकद नाही. जिंका, नाहीतर हरा, पण आत्ता."

पोरं हसली. अशी हसली की त्यांना भीती वाटायची राहून गेली. कोल्टनने डावीकडे जायची हूल दिली, उजवीकडे वळला, तीन जणांनी त्याला धरलं आणि तो त्या तिघांना घेऊनच रेषेवर पडला.

पंचाने दोन्ही हात वर केले. बावीस-एकवीस.

आधी कुणी ओरडलंच नाही. अकरा वर्षांत सवय गेली होती. मग ड्वेन भोंग्यावर काहीतरी बोलायला गेला आणि रडला. तेव्हा सगळे ओरडले.

*

आता काहिलीभोवती दोन्ही संघ. पाणी उकळतंय. सेंट वेंडेलची पोरं नियमाप्रमाणे लांब बाकांवर वाडगे घेऊन बसली आहेत. होलमची पोरं उभी आहेत आणि हातांचं काय करायचं ते त्यांना कळत नाही. यातल्या एकानेही कधी वाढलेलं नाही, सगळ्यांनी फक्त खाल्लंय.

"बादली, कोच," कोल्टन म्हणाला.

आर्लेनने टोपी काढून हातात धरली.

"कोच, बादली कुठाय? मी आणतो."

"नाहीये."

"म्हणजे?"

"मी नको म्हणालो. सकाळी." मग, कुणी विचारलेलं नसताना, "आपण जिंकू असं मला वाटलं नाही."

पोरं एकमेकांकडे बघू लागली. कोल्टन दुखरा दंड धरून उभा होता. त्याने तो सोडला. आर्लेनला वाटलं, यांनी आरडाओरड केली असती तर बरं झालं असतं.

लिओ उठून आला. "आमची आहे ना भरलेली. घे. घाल. कोण बघतंय?"

"सगळं गाव बघतंय," बेरिट म्हणाली. ती कधी खाली आली ते आर्लेनला कळलं नव्हतं. "त्यांचंच सूप त्यांना वाढायचं? मग इतकी वर्षं मी आमची बादली उचलून घरी कशाला नेत होते, लिओ?"

"मग पाणी पाजणार का आम्हाला?"

बेरिटने इकडेतिकडे बघितलं. मैदानाच्या फाटकाशी खायच्या पदार्थांची टपरी होती. टपरीवाला आवराआवर करायला लागला होता. "कोल्टन, जा. काय उरलंय ते सगळं आण. सगळं."

हॉट डॉग आले. चिरलेला कांदा आला. मुरवलेल्या काकड्यांची बरणी आली, पाण्यासकट. कुणीतरी केचपची मोठी बाटली आणली आणि बेरिटने ती क्षणभर हातात तोलून तीही ओतली. शेवटी बटाट्याचे वेफर्स, कारण बटाटा हवाच, असं एका पोराचं म्हणणं पडलं.

आर्लेनने वाढायचा डाव उचलला. पहिला वाडगा लिओचा. वाढताना थोडं लिओच्या बुटावर सांडलं. लिओने घोट घेतला. दोन्हीकडची माणसं त्याच्या तोंडाकडे बघत होती.

तो बराच वेळ गिळत होता.

"मीठ," लिओ म्हणाला, "जास्त आहे."

*

माणसं पांगली. पोरं शहरात गेली, भोंगा बंद झाला. काहील मैदानाच्या कडेला आडवी पडली होती आणि लिओ तिच्यात अर्धा आत शिरून घासत होता. आर्लेन खिशात हात घालून उभा होता. इतकी वर्षं ज्याची वाट पाहिली ते हेच. बघत राहायचं फक्त.

"काय लावतोयस?"

"साबण."

"साबण नाही लावायचा, गंज धरते. वाळू घे. आणि दाणे काढलेलं मक्याचं बुरकुंड घे, कोरडं."

"नियम माहीत आहे मला. हरलेल्याने घासायची, जिंकलेल्याने शिकवायचं नाही."

लिओने साबण लावून घासणं चालू ठेवलं. आर्लेनने थोडा वेळ सहन केलं. मग एक हात काहिलीच्या काठावर टेकून तो खाली बसला, आधी एक गुडघा, मग दुसरा. दोन्ही गुडघ्यांनी निषेध नोंदवला.

"सरक."

"अरे, तू जिंकलास."

"सरक रे. तळाशी एक खाच आहे, तिथे जळकं अडकतं. तुला सापडायची नाही."

दोघे घासत राहिले. मग उचलून ती ट्रकमध्ये चढवली. एका माणसाला झेपणारी नव्हतीच कधी. लिओने दोर बांधला, ओढून बघितला, पुन्हा बांधला. ट्रकमध्ये चढायचं सोडून तो उगाच दोराशी खेळत राहिला.

"पुढच्या नोव्हेंबरात आणायला लागेल मला ही," तो म्हणाला. "हरलेल्याने परत आणायची. कुठे आणू?"

आर्लेनने मैदानाकडे पाहिलं. रेषांवरचा चुना पायांनी पुसला गेला होता. पलीकडे बेरिट गाडीत बसली होती. तिने एकदा हॉर्न वाजवला, फार जोरात नाही.

सामनाच नाही, हे लिओलाही माहीत होतं. त्याला ते सांगायचं म्हणजे उभ्याउभ्या बरंच बोलावं लागलं असतं.

"आमच्याकडे आण," आर्लेन म्हणाला. "गॅरेजमध्ये जागा आहे."

"आणि बादली?"

"तिला विचारतो," आर्लेन म्हणाला आणि गाडीकडे चालू लागला. मागे ट्रक सुरू झाला, पुलाकडे वळला. तो जाताना बघायचा राहून गेला हे त्याच्या लक्षात आलं, तोवर त्याने गाडीचं दार लावून घेतलं होतं.

"बटाटे आहेत घरी?" त्याने विचारलं.