फुलं माझी, मान बरण्यांचा

मी पत्र्याचा डबा बोलतोय. हौसेनं नाही. ‘सांगा, सांगा’ म्हणून डोकं खाल्लंत म्हणून. इतकी वर्षं कुणी विचारलं नाही, आणि आता बूड गंजल्यावर यांना माझी कहाणी हवी! ऐका, पण मधे बोलू नका.

जन्मलो तेलाच्या कारखान्यात. तेल संपल्यावर या घरच्या बाबांनी माझं तोंड कापलं, कडा आत ठोकल्या, वर लाकडी दांडा बसवला. मग धुणं भिजव, फरशी पुस, पडेल ते केलं. पोचे आले, पण थेंब गळू दिला नाही.

पुढं थोरल्या लेकीचं लग्न ठरलं. सजावटवाल्यानं फुलांचा खर्च सांगितला तसे बाबा खुर्चीत बसले, ते उठेनात. लेक म्हणाली, “घाऊक बाजारातून फुलं आणू. मांडणी मी करते. सासरी सांगून बसलेय तसं.”

“आणि नाही जमलं तर?” तिची मामी म्हणाली. “सासूबाई टेबलावर काय बघतील, तुझं तोंड?”

“जमेल गं.”

फुलदाण्यांचं भाडं वाचवायला तिनं जॅमच्या रिकाम्या बरण्या जमवल्या. गळ्यात लेस बांधली. झालं, लगेच महाराण्या! कालपर्यंत मुंग्या लागत होत्या यांना. मग माझ्याकडे वळून म्हणाली, “हा डबा हॉलच्या दारात ठेवू. भरगच्च फुलं घालून.”

आयुष्यात पहिल्यांदा मला कुणी दारात उभं करणार होतं. मागच्या नव्हे, पुढच्या.

आदल्या दिवशी फुलं आली. अर्धी कार्नेशन बरण्यांत गेली, अर्धी माझ्यात. मामी म्हणाली, “हे भंगार पाहुण्यांसमोर नको.” माझी रवानगी मोरीत. बरण्या बसल्या पुढच्या खोलीत, पंख्याखाली, ऐटीत. तिथंच मामीनं पाहुण्यांसाठी आणलेल्या सफरचंद-केळ्यांच्या टोपल्या ठेवल्या आणि धूळ नको म्हणून दारं-खिडक्या गच्च लावल्या.

पिकत्या फळांशेजारी फुलं कोंडली की फळांतून सुटणाऱ्या वायूनं ती मिटतात. पण डब्याला विचारतं कोण? आणि खरं सांगू, मला गुदगुल्या होत होत्या.

सकाळी बरण्यांमधलं एकेक फूल आत मिटून चुरगळलेलं. लेक जमिनीवरच बसली. “आता मी त्यांना काय तोंड दाखवू, बाबा?”

बाबा तोंडावर पाणी मारायला मोरीत आले आणि ओरडलेच, “अगं ए, इकडे ये! डब्यातली टवटवीत आहेत सगळी!”

ती धावत आली. भरजरी कपड्यांनिशी तिनं मला कवटाळलं. “डब्या, लाज राखलीस रे माझी!”

मी म्हटलं, निघालो आपण हॉलला.

तर तिनं माझी फुलं उपसली आणि बरण्यांमधे दोन-दोन खोचली. माझी! माझ्या पाण्यावर जगलेली! बरण्या गाडीत मांडीवर बसून गेल्या. मी रिकामा.

“डबा राहिला की,” बाबा म्हणाले.

“राहू दे बाबा, त्याला लेस कुठे पुरणार?”

आता माझ्यात खराटे असतात. बरण्या काचेच्या कपाटात. येणारा-जाणारा म्हणतो, “वा, किती कमी खर्चात किती देखणं!”

मामीचं सोडा. तिनं भंगार म्हटलं ते तोंडावर. पण मिठी मारून पाठ फिरवणाऱ्या माणसाचं काय करायचं? ती माहेरी येते, मोरीत माझ्याशेजारी हात धुते, जाते. एकदा वाकून ‘चुकलं’ म्हणावं, एवढंच. मी नवरीबद्दल बोलतोय.