कूलरच्या टाकीतला चमत्कार

"निघाली! निघाली पाहा! अवं माय, कशी वळवळून राहिली!"

किशोरच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती. कंपाउंडच्या भिंतीवर पोरं, शेजारच्या जिन्यावर बायका आणि मधोमध जुन्या कूलरची पत्र्याची टाकी. टाकीत काळंभोर गांडूळखत. त्यावर किशोरच्या बारा वर्षांच्या मुलीचा, आचलचा तळहात टेकवलेला आणि तिच्या बोटांभोवती लाल गांडुळं झुंडीनं वर येत होती. आचलनं डोळे घट्ट मिटून घेतले होते.

"देखो माय, देखो!" मृत्तिकानाथ महाराजांचा आवाज चढला. "डॉक्टर लोक म्हणते शुगर आहे. शुगर काय किराणा दुकानातून आली? हा मागल्या जन्माचा कीडा आहे, बेटा! माती त्याले खेचून राहिली. माती देते, माती घेते. बोलो धरतीमाता की..."

"जय!" अंगण दुमदुमलं.

महाराजांकडे पुराव्याचीही सोय होती. त्यांनी गर्दीतून गंगूबाईंना पुढे बोलावलं. साठी उलटली तरी आपलं कधी डोकंही दुखलं नाही, असं साऱ्या कॉलनीला ऐकवणाऱ्या या बाई. टाकीच्या दुसऱ्या कोपऱ्यात त्यांचा हात ठेवून तीर्थ ओतलं. एकही गांडूळ वर आलं नाही.

"निरोगी आहे माय! रोगच नाही तं निघणार काय?" महाराज म्हणाले. इथे उरलेसुरले शंकेखोरही गार झाले.

शेजारी राहणारी मी मात्र लोट्यांकडे पाहत होते. आचलच्या हातावर तीर्थ ओतलं ते तांब्याच्या लोट्यातून, गंगूबाईंच्या हातावर ओतलं ते पितळेच्या. महाराजांचा चेला पुंजाराम दोन्ही लोटे सांभाळून उभा होता आणि कोणता केव्हा पुढे करायचा यात त्याची कधी गफलत होत नव्हती. तांब्याच्या लोट्याला कापराचा भपकारा येत होता आणि त्या वासाखाली नाकाला झोंबणारं आणखी काहीतरी होतं.

"आजपासून सुई बंद," महाराजांनी शेवटी सुनावलं. "सुईनं कीडा आत दबते. अमावास्येपर्यंत हात लावाचा नाही."

आचलच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही. ती सुई हा तिचा उपचार नव्हे, तो तिचा श्वास आहे.

कूलरच्या टाकीत गांडूळखत करायला कॉलनीला मीच शिकवलं होतं. मी प्राणीशास्त्र शिकवते. आमच्या अमरावतीत कूलर सडतो, मोटर भंगारात जाते, पण टाकी मागच्या अंगणात पडून राहते. तिला तळाशी भोकं पाडायची, कूलरचंच जुनं गवत अंथरायचं, वर शेण, सुकी पानं आणि स्वयंपाकघरातला भाजीचा कचरा. वरून ओलं पोतं आणि कायम सावली. कॉलनीतल्या बायकांनी हौसेनं केलं आणि संत्र्याच्या हंगामात घात झाला. घरोघरी टोपल्यांनी संत्री आली आणि सगळ्यांनी सालींचा ढीग टाक्यांत लोटला. सकाळी गांडुळं टाकीच्या काठावरून बाहेर पडलेली. गंगूबाई "अपशकुन झाला वं" म्हणून माझ्याकडे धावत आल्या होत्या. तेव्हा मी सगळ्यांना सांगितलं होतं, गांडूळ कातडीनं श्वास घेतं, खाली कातडीला झोंबलं की ते वर पळतं. त्यात शकुन नाही की अपशकुन नाही.

ऐकलं सगळ्यांनी. आचलनं तर आपली टाकी नीट जपली, तिच्या खतावर वांगी आली. आणि आज त्याच अंगणात त्याच बायका जयजयकार करत होत्या. दरवर्षी राष्ट्रसंतांच्या पुण्यतिथीला मोझरीच्या आश्रमात जाणारी, तिथे बुवाबाजीवरची भजनं टाळ्या वाजवत म्हणणारी ही माणसं!

"हे थोतांड आहे," मी ओरडले आणि आचलच्या आईकडे वळले. "खाली काहीतरी झोंबतंय म्हणून गांडुळं वर आली. रागिणी, सुई बंद करू नको."

किशोरनं माझा दंड धरून मला फाटकापर्यंत आणलं. कोचिंग क्लासच्या ऑफिसात काम करणारा हा एरवी मवाळ माणूस. "मॅडम, तुमी कॉलेजात शिकवता, तं तिथंच शिकवा. रोज पोरीच्या पोटाले सुया टोचाले तुमी येता का?"

मागे त्याची बायको रागिणी उभी होती. ती रागावली नव्हती. ती म्हणाली, "डॉक्टर म्हणते जन्मभर. जन्मभर म्हणजे किती, मॅडम?"

महाराजांनी तिला उत्तर दिलं होतं, खोटं का होईना.

दुसऱ्या दिवशी मी तीनदा दार वाजवलं. उघडलं नाही. डॉक्टरांना फोनवर बोलायला लावलं, किशोरनं फोन कापला. तिसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून आचल दिसली. ती पलंगावर ओकून पडली होती. छाती भराभर वरखाली होत होती, ओठ सुकले होते आणि तिच्या श्वासाचा सडलेल्या फळांसारखा वास खिडकीपर्यंत येत होता.

"रागिणी, रक्तात विष झालंय! आत्ता दवाखान्यात ने!"

"महाराजानं सांगतलं होतं," ती खिडकीतूनच म्हणाली. "रोग निघतानी असंच होते म्हणे. आता सुई देली तं सारं वाया जाईन. मले नोका भिववू मॅडम, मी आधीच मरून राहिली."

समजावण्यात वेळ घालवला तर मुलगी हातची जाणार होती. मी ओळखीच्या ताहेरभाईंना फोन करून त्यांची ऑटो फाटकाशी उभी करवली आणि माझ्या स्वयंपाकघरात धावले. त्या झोंबऱ्या वासाचं नाव मला आदल्या संध्याकाळी लोणच्याची बरणी उघडताना सापडलं होतं. मोहरी मिक्सरमधून काढली, पाण्यात कालवली, गाळली, कापराची वडी चुरडून टाकली आणि लोटा घेऊन त्यांच्या अंगणात गेले.

"रागिणी, मी आता वाद घालत नाही. बाहेर ये. फक्त बघ. मग मला हाकल."

ती आली. मागून किशोर आला, तारवटलेल्या डोळ्यांनी. मी पोतं बाजूला केलं, खतावर माझा हात ठेवला आणि लोटा ओतला. क्षणभर काहीच झालं नाही. मग माझ्या अंगठ्याजवळ एक लाल टोक दिसलं, मग दुसरं, मग सगळीकडे वळवळ.

"मलाही शुगर आहे का? मागल्या जन्माचा कीडा माझ्यातही आहे?"

किशोर पुटपुटला, "असंन. कोणाले मालूम?"

"बरं." मी हात काढला. टाकीच्या पलीकडच्या कोपऱ्यात, जिथे कुणाचाही हात नव्हता, उरलेलं पाणी ओतलं. तिथूनही गांडुळं वर आली. "हा रोग कुणाचा, किशोर? टाकीचा?"

तो वाकून पाहत राहिला. मी रिकामा लोटा रागिणीच्या नाकाशी धरला. "कापूर विसर. खालचा वास घे."

तिनं घेतला. जन्मभर कैरीचं लोणचं घालणारी बाई, तिला आणखी काही सांगावं लागलं नाही. "मोहरी," ती म्हणाली. "मोहरी आहे हे."

"हो. त्यानं गांडुळांची कातडी जळते. गंगूबाईंच्या लोट्यात नुसतं पाणी होतं."

रागिणी आत पळाली आणि मुलीला खांद्यावर टाकून बाहेर आली. "ताहेरभाऊ, चाला! चाला लवकर!" किशोर अनवाणीच ऑटोत चढला.

आचल वाचली. पण सहज नाही. ती शुद्धीवर येईपर्यंत रागिणी अतिदक्षता विभागाच्या दारापुढे फरशीवर बसून होती. मी महाराजाला शिव्या घातल्या तेव्हा ती म्हणाली, "त्यानं नुसतं सांगतलं, मॅडम. सुई तं मीच कपाटात ठेवली. या हातानं." मी तिचा हात धरून बसले.

जादूटोणाविरोधी कायद्याखाली तक्रार तिनंच दिली. पोलीस आले तोवर मृत्तिकानाथांची पांढरी गाडी अकोल्याच्या दिशेनं गेली होती.

तेव्हा हे वाचणाऱ्यांनो, ऐका. चमत्कार दाखवणारा भेटला तर एवढंच करा. रोग्याच्या हातावर ओतलेलं पाणी निरोग्याच्या हातावर ओतायला लावा आणि मग कुणाचाच हात नसताना ओतायला लावा. खरं असेल ते टिकेल. पण औषध बंद करायला सांगितलं असेल, घरात कुणी धापा टाकत असेल, तर प्रयोगासाठीही थांबू नका. शेजाऱ्यांच्या घरात कसं बोलावं, अशी भीड धरू नका. लोक तुम्हाला नास्तिक म्हणोत, फाटकाबाहेर काढोत. पुन्हा जा, दार ठोठावा, आणि आधी रोग्याला दवाखान्यात न्या.