ठोंब्या

रहाटणीच्या गेनबाच्या जिभेला हाड नव्हतं, आणि गावाला त्याचं भारी कौतुक. पारावर गेनबा आला की माणसं सरकून जागा द्यायची. पण थट्टेला रोज नवा गडी आणायचा कुठून? घरातलाच होता. थोरला सयाजी सात वर्षांचा असताना पाहुण्यांपुढं पाढे म्हणताना अडखळला, तेव्हा गेनबा म्हणाला, "ह्यो आमचा ठोंब्या. ह्याच्या तोंडातनं शबूद निघाला की तुमास्नी सांगावा धाडतो." पाहुणे पोट धरून हसले. झालं, त्या दिवसापासून पोराला तेच नाव पडलं.

"पोराला नावानं हाक मारा की," असं सांगून सांगून त्याची आई भागूबाई थकली. "तुला गंमत कळत न्हाई," हे गेनबाचं ठरलेलं उत्तर.

पोरगं मोठं झालं तसं पाहुणा दिसला की गोठ्यात जाऊन बसायला लागलं. तिथं मळ्यातल्या इंजिनाचे भाग खोलून पुसत राहायचं. विसाव्या वर्षी सयाजीचा हात असा बसला, की नुसता आवाज ऐकून इंजिनाची खोट धरायचा. गावात कुणाचंही इंजिन दुरुस्त करून झालं की चहालाही न थांबता खाली मान घालून घरी यायचा.

छप्पन साली पिंपरीच्या एका नव्या कारखान्यात माणसं घेणार असं कळलं. मास्तरांनी अर्ज लिहून दिला, बोलावणंही आलं. गेनबा हौसेनं बरोबर निघाला. पवना उतरून दोघं फाटकाशी पोचले.

सयाजी आत गेला आणि लगेच बाहेर आला. बापाकडं न बघता समोरच्या बाभळीखाली पाठ करून बसला. मागोमाग कारकून सोपानराव हातात अर्ज घेऊन आले.

"बाबा, हे ठोंब्या कोण?"

गेनबाचं तोंड पडलं.

"साहेबांनी नाव विचारलं, तर पोरगं घामानं थबथबलं आणि म्हणालं, ठोंब्या. सगळे हसले. मग त्याच्या तोंडून ब्र निघेना." सोपानरावांनी अर्ज पुढं केला. "इंजिनाचं वाचलं मी. असाच माणूस हवाय आम्हाला. दोनच्या भोंग्याआधी त्याला परत आणा, मी साहेबांना गळ घालतो. नाव-गाव तेवढं धड सांगू दे."

गेनबा बाभळीकडं चालला. तेरा वर्षं आपण गाव हसवलं, आणि हसवता हसवता पोटच्या पोराचं तोंड शिवलं. आता कळलं, पण कळून काय उपयोग? हाक मारायला तोंड उघडलं तर सवयीनं तेच नाव जिभेवर आलं. त्यानं ते गिळलं. खरं नाव काही केल्या येईना. बापाला पोराचं नाव घ्यायची लाज वाटावी, असं कुठं ऐकलंय का? गावभर वळवळणारी ती जीभ, आज टाळूलाच चिकटली. तो तसाच उभा राहिला, आणि भोंगा झाला. गुरख्यानं फाटक लोटून घेतलं.

तेव्हा कुठं त्याला हाक फुटली.

"सयाजी."

पाठ हलली नाही.

"सयाजी, बाळा."

सयाजीनं मान वळवली. बापाकडं बघितलं, मग उठून बापाच्या मागं, रस्त्यावर दोन्ही बाजूंना बघितलं.

"कुणाला हाक मारताय, आबा?" तो हळूच म्हणाला. "हितं तर मीच हाय."